मूर स्कूल आणि एनियाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनियाक म्हणजे अमेरिकेतल्या मूर स्कूलमध्ये १९४०च्या दशकात बांधलेला, खोलीभर पसरलेला इलेक्ट्रॉनिक संगणक. त्याचा विषय निघाला की तेच पंधरा-वीस प्रश्न फिरून फिरून येतात. निम्मे स्पर्धा परीक्षावाल्यांचे, काही इंजिनिअरिंगच्या पोरांचे, आणि मधूनच एखादा "बायकांचं नाव का घेत नाही तुम्ही?" असा रागावलेला. सगळे इथे एका जागी घेतले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मूर स्कूल म्हणजे शाळा होती, कॉलेज होतं की कंपनी?

विद्यापीठाचा विभाग होता. फिलाडेल्फिया शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवणारा विभाग म्हणजे मूर स्कूल. आल्फ्रेड फिटलर मूर हे विजेच्या तारांचे कारखानदार; त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून १९२३ मध्ये तो उभा राहिला. ३३वा रस्ता आणि वॉलनट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर त्याची इमारत आहे. तिथे पूर्वी वाद्यं बनवण्याचा कारखाना होता.

नावामुळे एक गोंधळ नेहमी होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ खाजगी आहे आणि 'पेन स्टेट' हे त्याच राज्यातलं वेगळं विद्यापीठ. एनियाकचा संबंध पहिल्याशी.

२. विद्युत अभियांत्रिकीचा विभाग गणितं करायच्या धंद्यात पडला कसा?

लष्कराच्या शेजारामुळे. फिलाडेल्फियापासून फार लांब नाही अशा मेरीलँड राज्यातल्या ॲबर्डीन इथे अमेरिकी लष्कराचं तोफांच्या चाचण्यांचं मैदान होतं, आणि त्याला जोडून बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी नावाची संशोधन प्रयोगशाळा. व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत 'डिफरेन्शियल ॲनालायझर' नावाचं यंत्र बनवलं होतं: दांडे, दातेरी चाकं आणि फिरत्या तबकड्या यांच्या जोरावर अवकल समीकरणं सोडवणारं. १९३०च्या दशकाच्या मध्यावर मूर स्कूलने तसं एक स्वतःसाठी आणि एक ॲबर्डीनसाठी बनवलं. करार असा, की युद्ध आलं तर मूर स्कूलचं यंत्रही लष्कराच्या कामी येईल.

दुसरं महायुद्ध आलं. यंत्र लष्कराच्या कामाला लागलं आणि त्याच इमारतीत गणितं करणाऱ्या शंभराहून अधिक तरुणींची फौज बसली.

३. तोफ डागायला एवढं गणित कशाला लागतं?

तोफखान्यातल्या माणसाला रणांगणावर समीकरणं सोडवायला सवड नसते. त्याच्या हातात एक छोटी पुस्तिका असते: अमुक अंतरावर गोळा टाकायचा तर नळी किती अंश उचलायची, वारा आडवा असेल तर किती सरकवायची, हवा थंड किंवा विरळ असेल तर काय बदलायचं. हीच तोफमाऱ्याची कोष्टकं. प्रत्येक तोफेची आणि प्रत्येक प्रकारच्या गोळ्याची पुस्तिका वेगळी.

एका कोष्टकासाठी गोळ्याचे साधारण ३,००० मार्ग काढावे लागत. गोळ्याच्या वेगाप्रमाणे हवेचा विरोध बदलतो, त्यामुळे एका सूत्रात उत्तर मिळत नाही. मार्गाचे बारीक तुकडे पाडून एकेका तुकड्याचा हिशेब करत पुढे जावं लागतं. मेजावरचं गणकयंत्र घेऊन बसलेल्या तयार मुलीला एका मार्गाला ३० ते ४० तास लागत. डिफरेन्शियल ॲनालायझर तेच काम पाव ते अर्ध्या तासात करी, तरीही एका कोष्टकाला महिनाभर जाई. कारखान्यातून नव्या तोफा बाहेर पडत होत्या आणि त्यांची कोष्टकं तयार नव्हती. ही अडचण नसती, तर प्रश्न क्र. ५ मधला पैसा कुणी दिला नसता.

४. एनियाकचे कर्ते मॉक्ली आणि एकर्ट आधीपासून भागीदार होते का?

नाही. एका उन्हाळी वर्गात भेटले. जॉन मॉक्ली हे फिलाडेल्फियाजवळच्या अर्सिनस या लहानशा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. डोक्यात हवामानाचा अंदाज: पावसापाण्याच्या आकड्यांचे डोंगर उपसायला जलद यंत्र हवं, हा त्यांचा ध्यास. १९४१च्या उन्हाळ्यात मूर स्कूलने संरक्षणाच्या गरजेपोटी इलेक्ट्रॉनिक्सचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम काढला. त्याला मॉक्ली विद्यार्थी म्हणून आले, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. लॅबमध्ये शिकवायला होता प्रेस्पर एकर्ट नावाचा बावीस वर्षांचा पोरगा, तिथलाच पदव्युत्तर विद्यार्थी. प्राध्यापक विद्यार्थी झालेला आणि विद्यार्थी शिक्षक. मॉक्लींना प्रयोग नवे नव्हते, त्यामुळे बहुतेक वेळ गप्पांत जाई. व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत त्या काचेच्या निर्वात नळ्या) वापरून गणकयंत्र करता येईल का, हा त्या गप्पांचा विषय.

त्या उन्हाळ्यानंतर मॉक्ली तिथेच शिकवायला राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी व्हॉल्व्हच्या जलद गणकयंत्राबद्दल एक टिपण लिहून वरिष्ठांकडे दिलं. ते हरवलं. अक्षरशः. १९४३ मध्ये लष्कराला ते हवं झालं तेव्हा सेक्रेटरीबाईंच्या लघुलिपीतल्या टिपणांवरून पुन्हा टाइप करून घ्यावं लागलं. विभागाच्या मोठेपणाबद्दल बोलताना हा प्रसंग मला मुद्दाम आठवतो: कल्पना घरात पडून होती आणि घरच्यांना तिचा पत्ता नव्हता.

५. पैसा कोणी दिला, आणि मग विभागाने केलं काय?

पैसा लष्कराचा. हर्मन गोल्डस्टाइन हे गणितज्ञ लष्करात लेफ्टनंट म्हणून ॲबर्डीनच्या वतीने मूर स्कूलवर देखरेखीला होते. त्यांच्या कानावर मॉक्लींची कल्पना गेली आणि त्यांनी ती उचलून धरली. ९ एप्रिल १९४३ ला ॲबर्डीनमध्ये बैठक झाली. योगायोगाने त्या दिवशी एकर्ट यांचा चोविसावा वाढदिवस होता. ओस्वाल्ड व्हेब्लेन या ज्येष्ठ गणितज्ञांनी थोडा वेळ ऐकलं, खुर्चीवरून उठले आणि तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल सायमन यांना सांगितलं की गोल्डस्टाइनला पैसे द्या. पहिल्या सहा महिन्यांसाठी ६१,७०० डॉलर मंजूर झाले. काम संपेपर्यंत खर्च ४,८६,८०४ डॉलरवर गेला. सरकारी कामाचा अंदाज आणि शेवटचं बिल यांचं नातं तिकडेही आपल्यासारखंच.

विभागाचा वाटा म्हणाल तर जागा, माणसं आणि सवय. काम 'प्रोजेक्ट पीएक्स' या नावाने चाललं. कारभार प्राध्यापक जॉन ब्रेनर्ड यांच्याकडे, यंत्ररचनेचे प्रमुख एकर्ट, मॉक्ली सल्लागार, आणि हाताखाली आर्थर बर्क्स, काइट शार्पलेस, रॉबर्ट शॉ, जेफ्री चुआन चू असे अभियंते. नामांकित विद्यापीठांतल्या जाणत्यांना हजारो व्हॉल्व्हचं यंत्र म्हणजे वेडेपणा वाटत होता. मूर स्कूलकडे गमावण्यासारखं तेवढं नाव नव्हतं. ठेकेदारासारखं काम अंगावर घेऊन, वेळेत नाही तरी चालू स्थितीत देण्याची सवय मात्र होती. माझ्या मते हेच निर्णायक ठरलं.

६. एनियाक केवढा होता? सोप्या भाषेत सांगा.

मोठ्या दिवाणखान्याएवढा. १,८०० चौरस फुटांची खोली, तीन भिंतींना लागून इंग्रजी 'यू' अक्षरासारखी उभी केलेली चाळीस कपाटं, वजन सुमारे ३० टन. त्यात १७,४६८ व्हॉल्व्ह, ७०,००० रेझिस्टर, १०,००० कपॅसिटर, ६,००० स्विच आणि हाताने केलेले पन्नास लाखांच्या घरातले सोल्डरिंगचे सांधे. सेकंदाला ५,००० बेरजा. गोळ्याचा एक मार्ग अर्ध्या मिनिटात, म्हणजे खरा गोळा जमिनीवर पडायच्या आत.

तो आजच्यासारखा शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत मोजत नसे, दशमान पद्धतीत मोजी. प्रत्येक अंकासाठी दहा घरांचं वर्तुळ आणि त्यात एक घर 'चालू'. आकडा वाढला की चालू घर पुढे सरके. दुचाकीच्या मीटरमधली आकड्यांची चक्री डोळ्यांपुढे आणा, फक्त चाकाऐवजी विजेचं स्पंदन. असे दहा अंकी आकडे धरून ठेवणारे वीस 'ॲक्युम्युलेटर' होते. संपूर्ण यंत्राची चालती स्मृती तेवढीच: वीस आकडे.

७. सतरा हजार व्हॉल्व्ह! सारखे उडत नसतील?

सगळ्यांना हीच भीती होती. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. सतरा हजारांतला एक गेला तरी हिशेब चुकतो.

एकर्ट यांचं खरं कर्तृत्व इथे आहे. व्हॉल्व्ह ज्या ताकदीसाठी बनलेत त्याच्या बऱ्याच खाली चालवायचे, हा त्यांचा नियम. तापवण्याच्या तारेला ६.३ व्होल्टऐवजी ५.७ व्होल्ट दिले. व्हॉल्व्हकडून फक्त 'चालू' की 'बंद' एवढंच वदवून घेतलं, म्हणजे तो थोडा थकला तरी उत्तर बिघडत नाही. बहुतेक व्हॉल्व्ह यंत्र चालू-बंद करताना जातात हे लक्षात आल्यावर ते शक्यतो बंदच न करण्याची पद्धत पडली. पुढे सरासरी दोन दिवसांत एखादा व्हॉल्व्ह जाई. न बिघडता सलग चालण्याचा त्याचा उच्चांक ११६ तासांचा, १९५४ मधला.

तारांच्या निवडीची गोष्टही अशीच. उंदीर कुठलं वेष्टण कुरतडतात हे पाहायला उपाशी उंदरांपुढे तारांचे नमुने ठेवले आणि ज्याला त्यांनी तोंड लावलं नाही ती तार घेतली.

८. एनियाक सुरू केला की अख्ख्या फिलाडेल्फियातले दिवे मंद व्हायचे म्हणे?

दंतकथा. यंत्राला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे आणि तिची सोय स्वतंत्र होती. एवढ्यावर शहर मिणमिणलं असतं तर फिलाडेल्फियाच्या वीजमंडळाचीच चौकशी लावावी लागली असती. दिव्यांचा खरा किस्सा दुसरा आहे. लोकार्पणाच्या वेळी यंत्रावरचे छोटे निऑन दिवे दिसावेत म्हणून पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापून, त्यावर आकडे रंगवून दिव्यांवर बसवले होते. पुढे सिनेमातला प्रत्येक संगणक लुकलुकत राहिला त्याचं मूळ बहुधा या चेंडूंत असावं.

९. एनियाकचे प्रोग्राम बायकांनी लिहिले हे खरं आहे? मग नावं कुठे गेली?

खरं आहे. सहा जणी: कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बायलस, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, रूथ लिक्टरमन आणि मार्लिन वेस्कॉफ. प्रश्न क्र. २ मधल्या गणिती मुलींतूनच १९४५ मध्ये त्यांची निवड झाली. त्या मुलींच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. तो शब्द नंतर यंत्राला चिकटला.

प्रोग्राम लिहिणं म्हणजे तेव्हा कळफलकावर टंकणं नव्हे. कुठल्या कपाटाची तार कुठल्या कपाटात खुपसायची, कुठला स्विच कुठल्या खुणेवर ठेवायचा, आणि कोणतं काम कोणत्या क्षणी सुरू होऊन कोणाला पुढची खूण देईल, हे सगळं कागदावर आखायचं. गणित आखायला आठवडे जात आणि यंत्रावर मांडायला दिवस. सुरुवातीला गोपनीयतेमुळे त्यांना यंत्राच्या खोलीत प्रवेश नव्हता. हातात नकाशे दिले गेले, त्यावरून त्या यंत्र शिकल्या. शिकवणारा कुणी नाही, पुस्तक नाही. मार्गदर्शक पुस्तिका ॲडेल गोल्डस्टाइन यांनी लिहिली ती १९४६ मध्ये.

लोकार्पणाच्या प्रात्यक्षिकासाठी गोळ्याच्या मार्गाचा प्रोग्राम जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवला. आदल्या रात्रीपर्यंत एक चूक सापडेना: गोळा जमिनीवर आदळला तरी गणित चालूच राही, म्हणजे गोळा भुईत शिरत जाई. स्नायडर घरी जाऊन झोपल्या, सकाळी थेट यंत्रापाशी आल्या आणि एक स्विच बदलला. चूक गेली. १५ फेब्रुवारी १९४६ चा समारंभ झोकात झाला. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र या मुलींना नव्हतं. छायाचित्रांत त्या होत्या, पण बातम्यांतून नावं आली नाहीत. पुढची कित्येक वर्षं पाहणाऱ्यांना त्या यंत्राशेजारी उभ्या केलेल्या शोभेच्या मुली वाटत. १९९७ मध्ये सहाही जणींना तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मानपंक्तीत घेतलं, तोवर अर्धशतक उलटलं होतं.

१०. "जगातला पहिला संगणक कोणता?" परीक्षेत एनियाक लिहू ना?

प्रश्नपत्रिकेत विशेषणं काय आहेत ते आधी वाचा. 'पहिला सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक' असेल तर एनियाक, बिनधास्त. एकेक विशेषण काढलं की उत्तर बदलतं.

'इलेक्ट्रॉनिक' काढा: बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे यांचं झेड-३ मे १९४१ मध्ये चालत होतं, टेलिफोनच्या रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांवर. 'सर्वोपयोगी' काढा: ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमधलं कोलोसस १९४४ च्या सुरुवातीला जर्मन सांकेतिक संदेश फोडायला बसलं होतं, व्हॉल्व्हवर चालणारं, पण ते १९७० च्या दशकापर्यंत गुपित होतं, म्हणून जुन्या गाइडांत सापडत नाही. त्याहून आधीचं अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं अटानासॉफ-बेरी यंत्र, त्यासाठी क्र. १५ पाहा. 'स्मृतीत साठवलेला प्रोग्राम चालवणारा' असं जोडा: मग इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाचं यंत्र, २१ जून १९४८.

गाइडमध्ये नुसतं "पहिला संगणक – एनियाक" छापलेलं असतं. परीक्षक त्याच गाइडवरून तपासत असेल तर माझा नाइलाज आहे.

११. इतका खटाटोप करून युद्धात उपयोग झाला का?

नाही. यंत्र पुरतं तयार झालं तोवर जपानने शरणागती पत्करली होती. डिसेंबर १९४५ मध्ये त्यावर बसवलेलं पहिलं मोठं गणित तोफांचं नव्हतंच. लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून निकोलस मेट्रोपोलिस आणि स्टॅन्ली फ्रँकेल हायड्रोजन बॉम्बचं गणित घेऊन आले. मूर स्कूलच्या लोकांना ते नेमकं कशाचं आहे हे सांगितलं नव्हतं. तोफांच्या कोष्टकांसाठी मागितलेलं यंत्र पहिल्याच दिवशी दुसरंच काम करतंय, यातच ते 'सर्वोपयोगी' असल्याचा पुरावा मिळाला. १९५० मध्ये तर ॲबर्डीनला (यंत्र तोवर तिथे हलवलं होतं) त्यावर हवामानाचा अंदाज काढला गेला. मॉक्लींचं जुनं स्वप्न. ते तेव्हा तिथे नव्हते.

१२. 'फॉन नॉयमन रचना' पुस्तकात शिकलो. ती फॉन नॉयमन यांचीच ना?

नाव त्यांचं, विचार अनेकांचा. १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीनच्या रेल्वे फलाटावर गोल्डस्टाइन यांना जॉन फॉन नॉयमन दिसले. जगप्रसिद्ध गणितज्ञ, गोल्डस्टाइन धीर करून बोलायला गेले आणि बोलता बोलता यंत्राचा विषय निघाला. त्यानंतर फॉन नॉयमन मूर स्कूलला येऊ लागले.

तोवर एनियाकचा आराखडा गोठवला होता आणि त्याच्या उणिवा करणाऱ्यांनाच आधी कळल्या होत्या: स्मृती तुटपुंजी, आणि गणित बदललं की तारा उपसा. पुढच्या यंत्राची, एडव्हॅकची, चर्चा चालू होती. स्मृतीसाठी एकर्ट यांच्याकडे तोडगा होता: पाऱ्याच्या नळीतून ध्वनिस्पंदनं फिरवत ठेवायची. ही नळी त्यांनी विभागाच्या रडारच्या कामात हाताळली होती. रडारचं कंत्राट त्याच इमारतीत नसतं तर ते सुचलं असतं की नाही कोण जाणे. प्रोग्रामही आकड्यांबरोबर त्याच स्मृतीत ठेवायचा, हे या बैठकांतून आकाराला आलं. 'फॉन नॉयमन रचने'चा गाभा तो हाच.

फॉन नॉयमन यांनी ते सगळं तर्कशुद्ध, गणिती भाषेत मांडलं. ३० जून १९४५ ची तारीख असलेला 'पहिला मसुदा' गोल्डस्टाइन यांनी वाटला, आणि मुखपृष्ठावर नाव एकट्या फॉन नॉयमन यांचं. मांडणी त्यांचीच आणि ती अव्वल आहे, यात वाद नको. पण एकर्ट आणि मॉक्ली यांना तो घाव आयुष्यभर पुरला, आणि पेटंटच्या खटल्यातही हाच मसुदा आडवा आला (क्र. १५).

१३. एवढं यश मिळाल्यावर एकर्ट-मॉक्ली विभाग सोडून का गेले?

एका कागदावर सही करायला नकार दिला म्हणून. १९४५ मध्ये विद्यापीठाने त्यांना एनियाकच्या पेटंटचे हक्क स्वतःकडे ठेवू दिले होते. मग १९४६ च्या सुरुवातीला अर्विन ट्रॅव्हिस नौदलातून परत आले आणि त्यांच्याकडे संशोधनाचा कारभार आला. त्यांचं म्हणणं असं: यापुढे विभागात काम करणाऱ्याने आपल्या शोधांचे हक्क विद्यापीठाला लिहून द्यावेत. डीन हॅरोल्ड पेंडर यांचं तशा अर्थाचं पत्र २२ मार्चला गेलं. दोघांनी सही केली नाही. महिनाअखेर त्यांची नोकरी संपली. लोकार्पणाला जेमतेम दीड महिना झाला होता.

ट्रॅव्हिस यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. विद्यापीठाच्या जागेत, सरकारी पैशावर केलेल्या कामाचा मालक कोण, हा वाद आजही कुठल्याही संस्थेत पेटतो. पण वेळ बघा. जगात ज्या विषयाचं सर्वाधिक ज्ञान एका इमारतीत होतं, तिथून दोन मुख्य माणसं एका धोरणापायी गेली. त्याच वर्षी गोल्डस्टाइन आणि बर्क्स फॉन नॉयमन यांच्या प्रिन्स्टनच्या प्रकल्पात दाखल झाले. विभागाकडे यंत्राचं श्रेय राहिलं, यंत्र करणारे गेले.

एकर्ट आणि मॉक्ली यांनी फिलाडेल्फियातच कंपनी काढली. १९५० मध्ये पैशाच्या चणचणीत ती रेमिंग्टन रँडला विकावी लागली, आणि १९५१ मध्ये त्यांचा युनिव्हॅक संगणक अमेरिकेच्या जनगणना विभागात रुजू झाला.

१४. 'मूर स्कूल लेक्चर्स' काय प्रकार आहे?

संगणक कसा बांधावा याचा जगातला पहिला अभ्यासक्रम. ८ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६, आठ आठवडे, निमंत्रित विद्यार्थी फक्त २८. शिकवायला राजीनामा दिलेले एकर्ट आणि मॉक्ली परत आले, शिवाय गोल्डस्टाइन, बर्क्स, हार्वर्डचे हॉवर्ड एकेन, इंग्लंडचे डग्लस हार्ट्री. फॉन नॉयमन एका व्याख्यानापुरते. फिलाडेल्फियातला दमट उन्हाळा आणि वातानुकूलनाची बोंब. मुंबईकराला मे महिन्यातला वर्ग आठवेल.

केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांना युद्धानंतरच्या टंचाईत जहाजावर लवकर जागा मिळाली नाही. ते पोचले तेव्हा अभ्यासक्रमाचे शेवटचे दोनच आठवडे उरले होते. त्यांना तेवढे पुरले. परतीच्या बोटीवरच त्यांनी आपल्या यंत्राची आखणी सुरू केली आणि ६ मे १९४९ ला केंब्रिजमध्ये एडसॅक चालू लागलं. मूर स्कूलचा स्वतःचा एडव्हॅक त्या वर्षी ॲबर्डीनला पोचवला गेला, पण कामाला लागला १९५१ मध्ये. उशिरा आलेला विद्यार्थी मास्तरांच्या दोन वर्षं आधी पास झाला, आणि याचं कारण क्र. १३ मध्ये आहे. तरी एनियाकपेक्षा या आठ आठवड्यांनी जगावर जास्त परिणाम केला असं मला वाटतं. एनियाकची नक्कल कुणी केली नाही. या वर्गातल्या वह्यांवरून मात्र यंत्रं उभी राहिली.

१५. न्यायालयाने पेटंट रद्द केलं. मग खरा शोधक अटानासॉफ, आणि मूर स्कूलने चोरी केली?

पहिला अर्धा भाग बरोबर, शेवटचा निष्कर्ष घाईचा. १९ ऑक्टोबर १९७३ ला मिनियापोलिसमध्ये न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी हनीवेल विरुद्ध स्पेरी रँड (क्र. १३ मधल्या रेमिंग्टन रँडचा पुढचा अवतार, पेटंट तिच्याकडे) या खटल्यात एनियाकचं पेटंट रद्दबातल ठरवलं. कारणं एकाहून जास्त होती. पेटंटचा अर्ज २६ जून १९४७ चा. त्याच्या वर्षभर आधीच यंत्र वापरात होतं आणि जाहीरही झालं होतं. फॉन नॉयमन यांचा मसुदा त्याआधीच वाटला गेला होता. आणि तिसरं, मॉक्ली यांनी मूळ कल्पना जॉन अटानासॉफ यांच्याकडून घेतली असा निष्कर्ष. मॉक्ली जून १९४१ मध्ये आयोवाला जाऊन त्यांचं यंत्र पाहून आले होते, हे नक्की आहे.

आता यंत्रं शेजारी ठेवा. अटानासॉफ आणि क्लिफर्ड बेरी यांचं यंत्र सुमारे ३०० व्हॉल्व्हचं, फक्त एकसामयिक समीकरणांसाठी बनवलेलं. प्रोग्राम बदलून दुसरं काम करणारं नव्हे. पण ते द्विमान पद्धतीत मोजत होतं आणि व्हॉल्व्हने अंकगणित करत होतं, एनियाकच्या आधी. त्यांना ते श्रेय उशिरा मिळालं आणि ते योग्यच मिळालं. सतरा हजार व्हॉल्व्ह एका तालात चालवण्याची विद्या मात्र आयोवातून आलेली नव्हती.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी विशेष सरकारी वकिलांना काढायला लावलं आणि सगळी वर्तमानपत्रं त्यानेच भरली. त्यामुळे हा निकाल फारसा कुणी वाचलाच नाही. स्पेरीने अपील केलं नाही.

१६. याचा भारताशी, मुंबईशी काही धागा?

आहे, दोन टप्प्यांनी. मूर स्कूलमधून प्रिन्स्टनला गेलेल्या मंडळींनी तिथे जे ४० बिटांच्या 'शब्दाचं', म्हणजे शून्य-एकचे ४० अंक एका वेळी हाताळणारं, यंत्र बांधलं, त्याचे अहवाल त्यांनी जगभर मोकळेपणाने वाटले, आणि देशोदेशी त्या वळणाची यंत्रं झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने याच वळणावर टिफ्रॅक बांधलं: आधी १९५६ मध्ये छोटं चाचणी यंत्र, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र, तेही ४० बिटांच्या शब्दाचं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. फिलाडेल्फिया, प्रिन्स्टन, मुंबई अशी ही वंशावळ आहे. मात्र "टिफ्रॅक म्हणजे एनियाकची भारतीय प्रत" असं कुठे वाचलंत तर ते चूक.

१७. एनियाक आज बघायला मिळेल का?

अख्खा नाही, तुकड्यांत. चाळिसातली काही कपाटं मूर स्कूलच्या मूळ इमारतीतच आहेत, काही स्मिथसोनियन संग्रहालयाकडे, काही कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये, मिशिगन विद्यापीठात आणि लष्कराच्या फोर्ट सिल तळावर. 'मूर स्कूल' हे नाव आता इमारतीपुरतं. विभाग विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत विलीन झाला. पन्नाशीनिमित्त तिथल्या विद्यार्थ्यांनी सगळा एनियाक एका चिपवर उतरवला. चिपचं माप ७.४४ मिलिमीटर गुणिले ५.२९ मिलिमीटर.

१८. अडचणीचा प्रश्न: १९४८ पासून एनियाकमध्येही प्रोग्राम साठवता येत होता. मग मँचेस्टरच्या आधी एनियाकच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने अभ्यास केलेला असतो, म्हणून शेवटी ठेवला. १९४७ मध्ये एनियाक ॲबर्डीनला पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या तारा एकदाच कायमच्या बसवण्याचं ठरलं. कोष्टकातले आकडे ठेवायची जी स्विचांची फिरती कपाटं होती, प्रत्येकावर १,२०० स्विच, त्यांवर आता आज्ञांचे सांकेतिक आकडे लावायचे आणि यंत्राने ते वाचत जायचं. या पद्धतीने १९४८ च्या एप्रिलमध्ये लॉस अलामॉसचं गणित चाललं, म्हणजे मँचेस्टरच्या दोन महिने आधी.

तरी मी मँचेस्टरच्याच बाजूने मत देतो. मँचेस्टरच्या यंत्रात प्रोग्राम आणि आकडे एकाच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत होते आणि यंत्र स्वतःच्या आज्ञा स्वतः बदलू शकत होतं. एनियाकच्या आज्ञा हाताने लावलेल्या स्विचांवर; यंत्राला त्या वाचता येत, लिहिता येत नसत. "आधुनिक वळणाचा प्रोग्राम पहिल्यांदा कुठे चालला" असं विचारलंत तर मात्र एनियाकचं पारडं जड आहे.

या बदलाने यंत्र सुमारे सहापट मंद झालं, कारण अनेक कामं एकाच वेळी करण्याची मूळ सोय गेली. तक्रार कुणी केली नाही. तारा उपसण्यात जे दिवस जात ते वाचले होते. २ ऑक्टोबर १९५५ ला रात्री पावणेबाराला ते बंद केलं तेव्हाही त्याच नव्या पद्धतीने चालत होतं.